शेतात खिशात ठेवायला छोटा दुमडता चाकू: पातं कोणत्या पोलादाचं, डी२, ८सीआर१३एमओव्ही की साधं कार्बन पोलाद?

भाऊ, तुमचं काम काय ते आधी पाहा. खताच्या पोत्याची सुतळी, ठिबकची नळी, मधूनच एखादा संत्रा, एवढंच असेल तर ८सीआर१३एमओव्ही घ्या. त्यात कार्बन साधारण ०.८ टक्के आणि गंज रोखणारं क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास. धार लवकर उतरते हे खरं, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते.

डी२ ची धार बरीच टिकते. कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा, म्हणून दुकानदार स्टेनलेसच म्हणून खपवतात. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत, अडकतं, गंज रोखायला कमीच उरतं. मी वापरला. आंबिया बहाराची संत्री कापली आणि न पुसताच खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी पात्यावर तपकिरी ठिपके. शिवाय बोथट झाला की घरच्या दगडाला दाद देत नाही, डायमंडची पट्टी लागते. ती तालुक्याला शोधत फिरा मग!

साधं कार्बन पोलाद म्हणजे आपल्या लोहाराच्या, ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेल्या विळ्याची जात. धार झकास, पण आंबट रसानं पातं काळंनिळं पडतं. त्यानं बिघडत काही नाही, लाल गंज मात्र धरू देऊ नका. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं.

पातं तीन इंचाचं पुरे. आणि लॉक आहे ना ते बघाच, नाहीतर नळी कापताना पातं बोटावरच मिटतं.