नव्याच्या सणाला अलिबागला जाताना

प्रश्न : अलिबागच्या इस्राएल आळीतल्या बेने इस्राएल स्नेह्यांनी आम्हा चौघांना यंदा नव्याच्या सणाला बोलावलं आहे. ठाण्याहून गाडीने कधी निघावं? सोबत काय न्यावं? सोमवारी आमच्या घरी गणपती बसतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खरी मेख शेवटच्या वाक्यात आहे. नव्याचा सण, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंचं नववर्ष रोश हशाना, २०२६ मध्ये शुक्रवारी ११ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होऊन रविवारी रात्र पडल्यावर संपतो. गणेश चतुर्थी १४ ला. तेव्हा शुक्रवारी दुपारनंतर अख्खं कोकण तुमच्यापुढे रांगेत असेल. पळस्पे फाटा, पेण, वडखळ एवढाच तुमचा आणि त्यांचा रस्ता एक. वडखळला अलिबागकडे वळलात की सुटलात. सकाळी सातच्या आत ठाणे सोडा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडी नेता येते, पण आरक्षण आधी हवं आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते.

सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. त्याआधी पोहोचून भेटवस्तू देऊन टाका. नंतर सण आणि शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) दोन्ही लागतात, पैशांचे व्यवहार, गाडी, फोन बाजूला राहतात. किती काटेकोर, ते प्रत्येक घराचं वेगळं, आधी विचारलेलं बरं.

न्यायला सफरचंद, डाळिंब, खजूर, मध उत्तम. पेढे-बर्फी नको: मटणाच्या जेवणासोबत दुधाचं चालत नाही. त्यांचा गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधात होतो, तो याचसाठी (आणि चवीत कुठे उणा पडत नाही). वाटेत हौसेने सोडे, जवळा, कोळंबी घेऊ नका. पर आणि खवले दोन्ही असलेलीच मासळी त्यांना चालते. घरी शिजवलेलं काही नेऊच नका.

मागेन आबोत सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, जाणार असाल तर पुरुषांनी डोकं झाकावं, फोटो काढू नयेत. मुलांना शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, ऐकवायचं असेल तर शनिवारची वाट पाहू नका. शब्बाथला ते वाजवत नाहीत. यंदा रविवारी सकाळी वाजेल.

परतीला रविवारी दुपारच्या जेवणानंतर निघा. गर्दी समोरून येत असते, तुमची बाजू त्यामानाने मोकळी. मूर्ती पेणहून घ्यायची असेल तर आधीच ठरवून ठेवा, डिकीत सामान कमी भरा आणि मूर्तीखाली जाड गादी घाला. खड्ड्यात पहिलं काय तुटत असेल तर हाताची बोटं.