तुझा व्यापारी खरा वाटत नाही

सांगली

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

द्राक्षबागायतदार अण्णा आणि त्यांचा माल नेऊन पैसे बुडवणारा व्यापारी, ही तुझी कथा वाचली. तासगावकडची बाग तू मन लावून लिहिलीस. ऑक्टोबरची छाटणी, डावणी रोगाच्या धास्तीने पहाटे चाललेली फवारणी, मण्यांत पाणी भरताना आभाळाकडे लागलेले डोळे, सगळं अस्सल. व्यापारी मात्र खोटा उतरलाय. सफारी, सोन्याचं कडं, तोंडात मावा. तो बागेत पाय टाकतो तेव्हाच वाचकाला कळतं, हा पैसे बुडवणार. मग अण्णांना का कळत नाही? भोळे म्हणून? भोळ्या माणसाच्या हातून द्राक्षबाग पिकत नाही रे.

अण्णांपुढे दोन गिऱ्हाइकं उभी कर. एक रोखीचं, पण चार किलोमागे वीस रुपये कमी देणारं. दुसऱ्याचा भाव चढा, पैसे पंधरा दिवसांनी. शिवाय तिसरी वाट आहेच: माल बेदाण्याला टाकायचा, शेडमध्ये जाळीवर वाळवायचा आणि तोवर पाऊस येऊ नये म्हणून जीव मुठीत धरायचा. आता अण्णांना निवडू दे. ते चढ्या भावाकडे का वळले? सोसायटीचं कर्ज, धाकटीचं लग्न ही कारणं तू देशीलच, आणि ती खरीच आहेत. पण त्यांच्या तळाशी आणखी एक असू दे, जे ते बायकोलाही सांगणार नाहीत. भावकीतल्या बागेपेक्षा आपला दर वर लागला, हे त्यांना चार माणसांत सांगायचंय. एवढ्याशा हावेमुळे अण्णा वाचकाला आपले वाटतील. नुसत्या सोसण्याने माणूस नायक होत नाही. त्याने काहीतरी ठरवावं लागतं, चुकीचं का होईना.

आणि व्यापाऱ्याने बुडवायचं ठरवूनच यावं असं कुठे आहे? मागच्या बागवाल्याचं देणं या मालातून भागवू, असा त्याचा हिशेब. गाडी पोचेपर्यंत पुढच्या बाजारात भाव पडला. पहिले काही दिवस तो फोन उचलतो, "सोमवारी नक्की टाकतो" म्हणतो. मग रिंग वाजत राहते. मग फोनच बंद. हे तीन टप्पे सावकाश लिही आणि ते कडं काढून टाक. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही; अण्णांचं वर्ष गेलं ते गेलंच. त्याची बाजू कळली म्हणजे राग कमी होतो असंही नाही, उलट तो जास्त दिवस टिकतो.

खलनायकाचं असं साधं माणूस होणं आपल्या मातीत घडून गेलंय. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं. त्या पौराणिक खेळांतले राक्षस आरडाओरडा करत रंगमंचावर यायचे. १८९९ मध्ये सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' नाटक आलं, आणि त्यात पोरीचा सौदा करणारा कोण, तर तिचा सख्खा बाप, कांचनभट. आरडाओरडा गेला आणि भीती घरात येऊन बसली.

पुढच्या खर्ड्यात एक प्रसंग नव्याने घाल. अण्णा वसुलीला व्यापाऱ्याच्या घरी जातात. तो घरी नाही. त्याची म्हातारी आई त्यांना बसवते, चहा टाकते, "यंदा बाग कशी आली?" म्हणून विचारते. अण्णा काय बोलतील, चहा घेतील की उठतील, हे आधी ठरवून लिहायला बसू नकोस. एप्रिलमधल्या खरडछाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत पाठव.

तुझे सर