थर्मोवूडवर क्लिअर कोट मारला तर त्याचा तपकिरी रंग टिकतो का?

तुमच्या बाल्कनीत थर्मो-ॲशच्या, म्हणजे भट्टीत तापवून तपकिरी केलेल्या ॲश लाकडाच्या (थर्मोवूडच्या) फळ्या आहेत, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट पडतं, आणि दुकानदार म्हणतोय की दोन हात क्लिअर पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश) मारा, रंग वर्षानुवर्षं असाच राहील. तर नाही राहणार. क्लिअर कोट पाणी अडवतो, तेलाचे-चहाचे डाग अडवतो. ऊन अडवत नाही. आणि या लाकडाचा रंग उडतो तो उन्हानेच.

पॉलिशच्या कामात आहे म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो. हा तपकिरी रंग कुणी वरून दिलेला नाही. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात बसवलेल्या या पद्धतीत लाकूड वाफेच्या भट्टीत, ऑक्सिजन जवळपास नसताना, साधारण १८५ ते २१५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यात लाकडातला हेमिसेल्युलोज नावाचा घटक मोडतो, ॲसेटिक ॲसिड सुटतं, लिग्निनही (लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा घटक) बदलतं आणि गडद रंगाची संयुगं तयार होतात. फळी कापताना करपलेल्या गुळासारखा वास येतो तो यामुळेच. रंग फळीच्या आरपार असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता उन्हाचं. साधं पाइन उन्हात ठेवलं तर आधी पिवळसर-गडद होतं. थर्मोवूडचं उलटं होतं, ते फिकट पडत जातं. अतिनील किरण लिग्निन तोडतात, आणि भट्टीत तयार झालेल्या गडद संयुगांना साधा दृश्य प्रकाशही काही प्रमाणात उडवतो. मग पावसाळा आला की तुटलेलं लिग्निन धुऊन जातं, वर सेल्युलोजचे फिकट तंतू उरतात आणि फळी राखाडी दिसायला लागते. दमट हवेत त्यावर बुरशीचे काळे ठिपकेही येतात. घरात, पाऊस लागत नाही अशा ठिकाणी, राखाडी होत नाही, पण फिकट होतंच. खिडकीची काच अतिनील किरणांतला फक्त काही भाग अडवते, बाकीचा प्रकाश आत येतो. म्हणून खिडकीपाशी सतरंजी उचलली की खाली गडद चौकोन दिसतो.

क्लिअर कोट दिल्यावर रंगात दोन वेगवेगळे बदल होतात, आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला लगेच दिसतो. कोरड्या फळीवर ओलं फडकं फिरवून बघा: जो गडद, भरलेला रंग उमटेल, साधारण तोच क्लिअर मारल्यावर मिळेल. लाकडाच्या छिद्रांतल्या हवेची जागा फिनिश घेतं, त्यामुळे पृष्ठभागावर प्रकाश कमी विखुरतो, एवढंच. दुकानात नमुना झकास दिसतो तो यामुळे. रंग टिकण्याशी याचा काडीचाही संबंध नाही.

दुसरा बदल सावकाश होतो. थर पारदर्शक, म्हणजे प्रकाश त्यातून आरपार जाऊन खाली लाकडावर आपलं काम करतच राहतो. थराने ज्या पृष्ठभागाला धरून ठेवलंय तोच आतून कमजोर होतो आणि पकड सुटते. सुरुवात बहुतेक फळीच्या कापलेल्या टोकांपासून आणि स्क्रूच्या भोवती होते. पापुद्रा सुटतो, त्याखाली पाणी शिरतं आणि मधेच राखाडी चट्टे उठतात. सगळी फळी एकसारखी राखाडी झाली तर ती बरी तरी दिसते. चट्ट्यांची नाही दिसत, आणि तेव्हा सगळा थर खरवडून काढण्यावाचून इलाज नसतो. थर्मोवूड पाण्याने फुगत-आकसत फार कमी, त्यामुळे त्यावर थराला तडे कमी जातात, हे श्रेय मात्र त्याला द्यायला हवं.

शिवाय फिनिश स्वतः रंग बदलतं. स्वस्त ॲरोमॅटिक पीयू, मेलामाइन, अळशीचं तेल, हे सगळे वेळेनुसार पिवळे पडतात. खालचं लाकूड फिकट होत असतं, वरचा थर पिवळा होत असतो, आणि दोन्ही मिळून बराच काळ वाटत राहतं की रंग टिकलाय. ॲलिफॅटिक पीयू पिवळं पडत नाही, महाग असतं, आणि त्यातून लाकडाचं फिकटणं स्वच्छ दिसतं! मेलामाइन तर बाहेर वापरूच नका, ते घरातल्या फर्निचरचं पॉलिश आहे.

‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिलेले डबे खोटे नसतात. त्यातले शोषक अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करतात, पण दृश्य प्रकाश सोडून देतात, आणि कालांतराने स्वतःही निकामी होतात. थर पातळ असेल तर परिणामही पातळ. फिकटणं लांबतं, थांबत नाही.

तुमच्या जागी मी क्लिअरचा नाद सोडून रंगद्रव्य असलेलं बाहेरचं वूड ऑइल घेईन, लाकडाच्या मूळ रंगाच्या जवळची तपकिरी छटा. त्यातले आयर्न ऑक्साइडचे बारीक कण अतिनील किरण आणि दृश्य प्रकाशाचाही काही भाग अडवतात, आणि रेषा तरीही दिसतात. तेलाचे पोपडे निघत नाहीत. पावसाळा संपून फळ्या वाळल्या की धुऊन, हलकं घासून पुन्हा एक हात द्यायचा. उघड्यावर हे दरवर्षी करावं लागेल असं धरून चाला. फळ्या आधीच बसल्यात, तेव्हा फटीत आणि टोकांवर ब्रशने नीट भरा. पाण्यावर आधारित काही घेतलंत तर वाळायला जास्त वेळ द्या, हे लाकूड पाणी हळू पितं.

फळ्या आत्ताच राखाडी झाल्या असतील तर घाबरू नका. रंग आरपार आहे म्हणालो ना, ८० नंबरच्या आणि मग १२० च्या पॉलिश पेपरने घासलं की खाली तोच तपकिरी निघतो. मास्क लावा, याची धूळ फार बारीक उडते.

आणि खरेदीआधी एक करा. उरलेल्या तुकड्यावर दोन-तीन फिनिशचे पट्टे मारा, अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि पश्चिमेच्या कठड्यावर उन्हाळाभर ठेवा. फॉइल काढल्यावर ज्या पट्ट्यात झाकलेल्या-उघड्या भागातला फरक सर्वात कमी दिसेल, तो डबा आणा.