शेअर बाजार शिकायचाय? आधी तुला कसं समजतं ते बघ

भावा, कोणता क्लास लावू, हे विचारण्याआधी तुझ्या डोक्यात गोष्ट कशी उतरते ते ओळख. लातूरच्या आडत बाजारात तू लहानपणापासून सोयाबीनचे सौदे बघत आलायस. आवक, मालातला ओलावा, तेलगिरण्यांची मागणी यावर भाव हलतो, हे तुला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं. म्हणजे तुला बघून, हाताळून कळतं. मग तासन्‌तास व्हिडिओ ऐकण्यापेक्षा एकच शेअर धर. दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की त्याचा चार्ट हातानं कागदावर काढ. कुठं उघडला, कुठं बंद झाला, व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात किती शेअर्सचे सौदे झाले. आज सौदा केला असता तर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरायला ज्या भावाला बाहेर पडायचं तो भाव, कुठं लावला असता आणि का, तेही लिही. पैसे न लावता. महिनाभरानं वही वाच. कुठं घाई करतोस ते तुझ्याच अक्षरात दिसेल.

वाचून कळणाऱ्यानं कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा. बोलून कळणाऱ्यानं अभ्यासाला जोडीदार शोधावा. वही मात्र दोघांनाही लागतेच, असं माझं ठाम मत आहे.

आणि कळकळीनं सांगतो, ऑप्शन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या भावानं पुढं घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत, खरे पैसे टाकून शिकू नकोस. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअर्सचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) आणि ऑप्शन्स करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. पीककर्जाचा, विकलेल्या मालाच्या पट्टीचा पैसा तिकडं वळवू नकोस. टेलिग्रामवर कुणी टिप्स दिल्या तर आधी त्याचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक माग आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपास.