छापील कागद नको, नोंदीचा इतिहास मागा

प्रश्न : मी निपाणीची. आईला न्यूमोनिया झाला म्हणून गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ॲडमिट केलं. तिला पेनिसिलीन चालत नाही हे मी दाखल करतानाच सिस्टरना सांगितलं, त्यांनी टॅबवर लिहूनही घेतलं. तरी रात्री अमॉक्सिसिलीन (पेनिसिलीनच्याच गटातलं औषध) असलेलं इंजेक्शन दिलं. अंगभर गांधी उठल्या, बीपी उतरलं, आई चार दिवस आयसीयूत होती. १,८६,००० रुपये बिल आम्ही भरलं. डॉक्टर म्हणतात, कॉम्प्युटरने वॉर्निंग दिलीच नाही, आमची काय चूक? फाईल मागितली तर ‘ती दवाखान्याची मालमत्ता आहे’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी मेडिक्लेमसाठी दिलेल्या प्रिंटमध्ये ॲलर्जीपुढे ‘नाही’ होतं, डिस्चार्जच्या वेळी त्याच फॉर्मवर ‘पेनिसिलीन’ आलं. आम्ही कर्नाटकातले. तक्रार कुठे करायची?

उत्तर : ताई, आई घरी परत आल्या हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही पाठवलेले दोन्ही कागद मी शेजारी ठेवून पाहिले. दाखल झाल्याची वेळ दोन्हीवर एकच आहे. फरक फक्त ॲलर्जीच्या ओळीत आणि तळाला बारीक अक्षरात छापलेल्या प्रिंटच्या वेळेत. यावरून ‘कागदपत्रांत फेरफार केला’ असा आरोप तुम्ही नोटिशीत लिहायला निघाला आहात. थांबा. रिॲक्शन आल्यावर पेशंटच्या नोंदीत ॲलर्जी घालणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच आहे. त्यांनी ते केलं असेल तर त्यात खोट काढता येणार नाही, आणि उगाच केलेला आरोप सिद्ध झाला नाही की खरी तक्रारसुद्धा पातळ होते. आपल्याला हवं आहे ते वेगळंच: त्या संध्याकाळी सिस्टरनी टॅबवर नेमकं काय लिहिलं, आणि कुठे लिहिलं.

हे ‘कुठे’ फार महत्त्वाचं. दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ॲलर्जीचा रकाना वेगळा असतो. त्यात औषध निवडलं तरच डॉक्टर नवीन औषध लिहिताना मशीन दोन्ही ताडून पाहतं आणि पडद्यावर इशारा देतं. तेच वाक्य ‘इतर माहिती’त मोकळं टाईप केलं, तर बहुतेक ठिकाणी मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे हेच झालं असावं. तसं असेल तर वॉर्निंग आली नाही हे डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे, आणि तरीही जबाबदारी त्यांचीच आहे. इशारा देणारं मशीन हे डॉक्टरांच्या मदतीला असतं. इंजेक्शन देण्याआधी तोंडी विचारणं आणि नोंद वाचणं हे काम माणसाचं. सिस्टर दवाखान्याच्या नोकरीत, त्यामुळे त्यांच्या चुकीला दवाखाना जबाबदार. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता असं दवाखान्याला वाटत असेल तर त्यांनी कंपनीशी भांडावं, तुम्ही त्या भांडणात पडू नका.

आणि समजा इशारा आला होता, पण कुणीतरी तो बंद करून पुढे गेलं? दिवसभर शंभर इशारे बघून कंटाळलेला हात तसंही करतो. चांगल्या सिस्टीममध्ये तेही टिपलेलं असतं: कुणाच्या लॉगिनवरून, किती वाजता, काय कारण देऊन. या मागोव्याला ऑडिट ट्रेल म्हणतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत तो ठेवायला सांगितला आहे. तिथेच असंही म्हटलं आहे की माहिती पेशंटची, दवाखाना केवळ विश्वस्त. या मानकांना कायद्यासारखी सक्ती नाही, पण ‘मालमत्ता आमची’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला ती चांगली आहेत.

सक्ती आहे ती दुसरीकडे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. न देणं हे गैरवर्तन, त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. तिथे भरपाई मिळत नाही, पण डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते. तेव्हा आईंच्या सहीने आजच अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात केवळ ‘फाईल’ लिहू नका. नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता, दाखल करतानाचा फॉर्म आणि या सगळ्यांचा ऑडिट ट्रेल, असं एकेक नाव घालून लिहा. ‘या नोंदी जशा आहेत तशा जतन कराव्यात’ हे वाक्य विसरू नका. ऑडिट ट्रेल तुमच्या हातात ते सहजासहजी देणार नाहीत. पण भरपाईची तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाला कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि तुमचा हा अर्ज तेव्हा उपयोगी पडेल.

आता सीमेचा प्रश्न. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाण्याची मुभा दिली आहे. म्हणजे दवाखाना कोल्हापूरचा असला तरी तक्रार बेळगावात चालेल. बिल ५० लाखांच्या आत आहे म्हणून जिल्हा आयोग, आणि ५ लाखांच्या आत आहे म्हणून फी शून्य. मुदत दोन वर्षं. तरीही माझं मत विचाराल तर तुम्ही कोल्हापूरलाच जा. निपाणीहून बेळगावपेक्षा ते जवळ, तुमचे कागद मराठीतले, आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर विभाग हाकेच्या अंतरावर. बेळगावजवळच्या खानापूरच्या वाचकाला मी उलट सल्ला दिला असता. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते.

पोलिसांत जाऊ का, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता नको. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगून ठेवलं आहे की फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरांचं मत घ्यावं. भरपाईच्या तक्रारीत प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे त्याच न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. पेनिसिलीन चालत नाही हे सांगूनही त्याच गटातलं औषध दिलं, हे समजायला फार मोठं वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

या कागदांचे मोबाईलमधले मूळ फोटो डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या प्रतीत फोटो कधी काढला ही माहिती उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे अशा पुराव्याबरोबर कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते कसं करायचं हे वकील सांगतील.

आणि निपाणीतल्या तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. तुम्ही लिहिलंय की आईंच्या जुन्या केसपेपरवर त्यांनी लाल पेनाने ‘पेनिसिलीन नको’ लिहून खाली रेघ ओढली आहे. त्या कागदाची त्यांच्या सहीशिक्क्याची प्रत याच आठवड्यात घ्या, मूळ कागद मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.