नमुना तयार झाला. विकत कोण घेणार?

विद्यापीठांतील विद्यार्थी, सामाजिक उद्योजकता आणि गरीब देशांतील आरोग्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थिनी आहोत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारे एक स्वस्त उपकरण आम्ही प्रकल्प म्हणून तयार केले असून महाविद्यालयीन स्पर्धेत त्याला पारितोषिकही मिळाले आहे. परदेशी विद्यापीठांत अशा प्रकल्पांतून कंपन्या उभ्या राहतात, असे आम्हाला वारंवार सांगितले जाते. हे खरे आहे का, आणि असल्यास पुढे त्यांचे काय होते?
— चार मैत्रिणी, पुणे

उत्तर : खरे आहे, आणि योगायोगाने यातील सर्वांत गाजलेले उदाहरण तुमच्याच विषयाचे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अत्यल्प किमतीच्या वस्तूंची रचना शिकवणारा एक अभ्यासक्रम आहे. 2007 साली त्यातील एका गटाला, सुमारे 20 हजार डॉलरच्या इनक्युबेटरचे, म्हणजे बाळाला ऊबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेटीचे, काम त्याच्या एक टक्का किमतीत करून दाखवा, असा विषय मिळाला. गटातील एक विद्यार्थी नेपाळला गेला, तेव्हा काठमांडूच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या रिकाम्या पडलेल्या त्याला दिसल्या; कारण ज्या बाळांना त्यांची गरज होती, त्यांतील बहुतेक बाळे दूरच्या खेड्यांत, घरी जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. स्वस्त पेटी हा विषय तिथेच बाजूला पडला आणि विजेशिवाय काही तास चालणारी उबदार पिशवी हा नवा विषय ठरला. त्या पिशवीच्या पाठीमागे मेणासारख्या पदार्थाची एक थैली असते. ती एकदा तापवून वितळवली की तो पदार्थ पुन्हा गोठेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा तास, 37 अंश सेल्सियसच्या आसपास तापमान टिकवून धरतो. 'एम्ब्रेस' या नावाने हे काम पुढे बंगळूरला हलले आणि 2011 मध्ये भारतात उत्पादन वापरात आले.

या प्रवासातील एक तपशील तुम्ही प्रकल्पाच्या वहीत लिहून ठेवावा असा आहे. सुरुवातीच्या नमुन्यावर तापमानाचे आकडे दाखवणारी पट्टी होती. भारतातील एका खेड्यात एका आईने सांगितले की, इंग्रजी औषधे फार जहाल असतात, म्हणून डॉक्टरने 37 सांगितले तरी मी आपले 30वरच ठेवीन. त्या बाळाच्या जिवाला धोका होता तो आईच्या मायेतून आलेल्या या सावधगिरीचा. त्यानंतर आकडे काढून टाकण्यात आले आणि थैली योग्य तापमानाला आली की फक्त 'ओके' दिसेल, अशी व्यवस्था झाली. प्रयोगशाळेत कितीही चाचण्या घेतल्या असत्या तरी हा दोष सापडला नसता.

आता पारितोषिकाविषयी. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातून बाहेर पडलेले टिमथी प्रेस्टेरो यांच्या 'डिझाइन दॅट मॅटर्स' या संस्थेने मोटारीच्या सुट्या भागांपासून इनक्युबेटर तयार केला होता. उष्णतेसाठी मोटारीचे दिवे, हवेसाठी डॅशबोर्डचा पंखा. म्हणजे गावातला मोटार मेकॅनिकही तो दुरुस्त करू शकेल, ही कल्पना. 2010 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातील उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली. मात्र त्याचे उत्पादन कधीच झाले नाही, कारण तो तयार करायला कोणी कारखानदार पुढे आला नाही आणि रुग्णालयांची खरेदी ज्यांच्या हातात असते त्यांनाही मोटारीच्या भागांचे यंत्र नको होते. प्रेस्टेरो यांनी हे पुढे जाहीरपणे मांडले, आणि नंतरच्या कामात उलट क्रम धरला : व्हिएतनाममधील उत्पादक आधी जोडून घेतला आणि मग नवजात बाळांच्या काविळीवरील प्रकाशोपचाराचे यंत्र रचले. त्यात एकच बाळ मावते, कारण मोठ्या यंत्रात दोन-तीन बाळे एकत्र ठेवण्याची रुग्णालयांची सवय रचनेतूनच मोडायची होती.

माझ्या मते अधिक अनुकरणीय उदाहरण अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचे आहे. त्याचा गाजावाजा मात्र कमी झाला. श्वास घेताना धडपडणाऱ्या बाळाच्या फुफ्फुसांत सतत हलका दाब राखणाऱ्या 'बबल सीपॅप' यंत्राचा स्वस्त नमुना तेथील पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी मत्स्यालयात हवा सोडणारे पंप वापरून तयार केला. यंत्राचे तत्त्व साधे आहे. बाळाच्या नाकातून निघणाऱ्या नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते आणि ते जितके सेंटिमीटर खोल असेल, साधारण तितका दाब फुफ्फुसांत टिकतो. पाण्यातले बुडबुडे थांबले की कुठेतरी हवा गळते आहे हे परिचारिकेला लांबूनही कळते. आफ्रिकेतील मलावी देशात, ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल रुग्णालयात त्याची चाचणी झाली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ नाकातून प्राणवायू दिलेल्या बाळांपैकी 44 टक्के वाचली होती, तर या यंत्रावर ठेवलेल्यांपैकी 71 टक्के. येथे विद्यार्थ्यांनी कंपनी काढली नाही. प्राध्यापक जागेवर राहिले, विद्यार्थी बदलत गेले, रचना पक्की करून उत्पादन करण्याचे काम एका व्यावसायिक कंपनीकडे गेले आणि मलावीच्या आरोग्य मंत्रालयाने यंत्र जिल्हा रुग्णालयांत नेले. परिचारिकांचे प्रशिक्षण, नळी डोक्यावर धरून ठेवणाऱ्या टोपीचे वेगवेगळे माप, बिघडल्यावर कोणाला कळवायचे, असल्या किरकोळ वाटणाऱ्या बाबींवर त्यात बराच वेळ गेला. तुमच्या पत्रात उपकरणाचे वर्णन दीड पान आहे. ते दुरुस्त कोण करणार आणि विकत कोण घेणार, याबद्दल एक ओळही नाही. पुढचे सत्र त्या ओळीसाठी द्यावे.

प्रश्न : गरिबांच्या आजारपणावर नफा मिळवणे योग्य आहे का? आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. काहींना नोंदणीकृत संस्था हवी आहे, काहींना कंपनी.
— एम.बी.ए.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हा वाद तत्त्वाचा वाटतो, पण पुष्कळदा तो हिशेबाचा असतो. पैसे देणारा कोण, हे आधी ठरवा. रुग्ण स्वतः देणार, खासगी डॉक्टर देणार, सरकार निविदेने घेणार की देणगीदार भरणार, यावर संस्थेचे रूप ठरते. एम्ब्रेसच्या मंडळींनी शेवटी दोन्ही मार्ग धरले : विक्री करणारी कंपनी वेगळी आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यापर्यंत उपकरण पोहोचवणारी ना-नफा संस्था वेगळी. याने प्रश्न सुटतो असे नाही, कारण दोन घरे चालवायला दुप्पट माणसे लागतात.

विद्यार्थ्यांचे नसले तरी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण येथे टाळता येत नाही. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये ते अवघ्या 11 खाटांवर सुरू केले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून मोफत शस्त्रक्रियांचा खर्च निघेल, अशी रचना सुरुवातीपासून होती. डोळ्यात बसवायचे आयात भिंग महाग पडू लागले, तेव्हा 1992 मध्ये 'ऑरोलॅब' हा स्वतःचा कारखाना काढून तेच भिंग अत्यल्प किमतीत तयार करण्यात आले. तेथे नफा होतो आणि तो कामातच परत जातो. भारतात कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली अशी कंपनी नोंदवता येते. तिला नफा मिळवता येतो, पण भागधारकांना तो वाटता येत नाही. गुंतवणूकदार आणायचे असतील तर मात्र हा मार्ग अडचणीचा ठरतो, हे आपल्या गटातील दोन्ही तटांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मी एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला यंत्र बनवता येत नाही आणि धंदा करण्याची हौसही नाही. तरी जगातील गरीब रुग्णांसाठी विद्यार्थिदशेतच काही करता येते का, की हे क्षेत्र फक्त स्टार्टअपवाल्यांचे आहे?
— वैद्यकीय विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : विद्यार्थ्यांनी जागतिक आरोग्यात घडवलेला एक मोठा बदल कोणतीही कंपनी न काढता झाला आहे. एड्सवरील स्टाव्हुडिन या औषधाच्या वापराचे पेटंट येल विद्यापीठाकडे होते आणि त्याचा परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीला दिलेला होता. 2001 साली 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संघटनेने, दक्षिण आफ्रिकेत या औषधाची स्वस्त प्रत वापरू द्यावी, अशी विनंती विद्यापीठाला केली. करार आमच्या हातात नाही, असे विद्यापीठाचे पहिले उत्तर होते. त्यावर येलच्या विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली, आणि औषधाचा विषाणूवरील गुण शोधणाऱ्यांपैकी एक असलेले प्राध्यापक विल्यम प्रुसॉफ यांनीही त्यांना जाहीर पाठिंबा दिला. काही आठवड्यांतच कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंट न लादण्याचे आणि किंमत उतरवण्याचे जाहीर केले.

या घटनेत मुंबईचाही वाटा आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिप्ला या औषध कंपनीचे युसूफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार डॉक्टरांच्या याच संघटनेला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला 10 ते 15 हजार डॉलर पडत होते. स्वस्त प्रत प्रत्यक्ष तयार करणारी कंपनी मुंबईत होती, म्हणूनच येलमधील मागणीला वजन आले. पुढे दुष्परिणामांमुळे स्टाव्हुडिनचा वापर बंद करत नेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली, परंतु विद्यापीठातील संशोधनाचा परवाना देताना गरीब देशांसाठी वेगळी अट घालावी, हा आग्रह त्यातूनच उभा राहिला आणि 'युनिव्हर्सिटीज अलाइड फॉर इसेन्शियल मेडिसिन्स' ही विद्यार्थी संघटना आजही तो धरून आहे. आपल्या विद्यापीठाचे पेटंटविषयक धोरण मागवून वाचणे, हे काम तुम्ही या महिन्यातही सुरू करू शकता. ते कंटाळवाणे आहे, म्हणूनच फारसे कोणी करत नाही.

सुट्टीत परदेशी जाऊन 'सेवा' करण्याच्या, शुल्क आकारणाऱ्या योजनांबद्दलही तुम्ही विचारले आहे. जे इंजेक्शन किंवा टाके आपल्या महाविद्यालयात देखरेखीशिवाय तुम्हाला करू दिले जात नाहीत, ते दुसऱ्या देशातील गरीब रुग्णावर करण्याची मुभा कोणी देत असेल, तर ती घेऊ नये.

प्रश्न : महाराष्ट्रात राहून वैद्यकीय उपकरणाची कल्पना पुढे न्यायची असेल, तर नेमके कोणाकडे जावे?
— पदव्युत्तर विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आयआयटी मुंबईत 'बेटिक' हे जैववैद्यकीय उपकरणांचे केंद्र 2014 पासून आहे आणि त्याच्या शाखा नागपूरच्या व्हीएनआयटी व पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थांत उघडल्या गेल्या, डॉक्टर आणि अभियंते तेथे एकत्र काम करतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसराशी जोडलेले, नवउद्योगांना आधार देणारे 'व्हेंचर सेंटर' आहे. निधीसाठी जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या, केंद्र सरकारच्या 'बायरॅक' संस्थेची 'बिग' योजना पाहावी; तिच्यात 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. माणसांवर चाचणी घेण्यापूर्वी संस्थात्मक नैतिकता समितीची परवानगी लागते, ओळखीच्या डॉक्टरांनी होकार दिला म्हणून ती टळत नाही. वैद्यकीय उपकरण नियम 2017 नुसार उपकरणे धोक्याच्या प्रमाणात ए ते डी अशा चार वर्गांत मोडतात आणि ए वर्गातील निर्जंतुक नसलेली व मोजमाप न करणारी उपकरणे वगळता बाकी सर्वांसाठी परवाना आता सक्तीचा आहे. वर्ग कोणता, हे रचना पक्की होण्याआधी तपासावे; नंतर वर्ग बदलला की खर्च आणि कालावधी दोन्ही वाढतात.

कार्यालयांच्या फेऱ्यांपूर्वी गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेचे नवजात बाळांवरील काम अभ्यासावे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकवले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. त्यांच्याकडे उपकरणेही होती, पण साधी, आणि ती हाताळणारी बाई त्याच गावात राहणारी होती. आपली कल्पना घेऊन एखाद्या उपकेंद्रात जा आणि तिथल्या आशाताईंना विचारा की त्यांच्या पिशवीतली कोणती वस्तू सध्या बिघडली आहे आणि ती बदलून मिळायला किती दिवस लागतात.