हेडलाइट की हेडलॅम्प?

प्रश्न : दुचाकी आणि मोटारीच्या देखभालीचं माहितीपत्रक मी इंग्रजीत लिहितो आहे. हेडलाइट हा शब्द जोडून लिहायचा, तोडून, की मध्ये आडवी रेघ द्यायची? काही ठिकाणी हेडलॅम्प असंही वाचलं. दोन्ही चालतात का?

उत्तर : बिनधास्त जोडून लिहा. ब्रिटिश कोश उघडा नाहीतर अमेरिकन, तो एकच शब्द आहे. पण त्यावरून बाकीच्या दिव्यांचा अंदाज बांधू नका. ब्रेक लाइट तोडूनच लिहितात, तर टेललाइट अमेरिकन कोश जोडतात आणि ब्रिटिश तोडतात. इथे नियम शोधण्यात वेळ घालवू नये, कोश हाताशी ठेवावा.

हेडलॅम्पचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. तांत्रिक लेखनात लॅम्प म्हणजे दिवा ही वस्तू, लाइट म्हणजे तिचा उजेड. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांत आणि अमेरिकेच्या १०८ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात हेडलॅम्प हाच शब्द आहे. रोजच्या इंग्रजीत दोन्ही अर्थांनी हेडलाइट सर्रास चालतो, ती चूक नव्हे. माहितीपत्रकात मात्र घोळ होतो. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मजकुरात 'रिप्लेस द हेडलाइट' एवढंच होतं. नुसता बल्ब बदलायचा, की काचेसकट अख्खा दिवा काढायचा? लेखकाच्या मनात बल्ब होता. तर मग 'हेडलाइट बल्ब' असं स्पष्ट लिहा, आणि अख्खा दिवा असेल तिथे 'हेडलॅम्प असेंब्ली'.

एकवचन-अनेकवचनही जपा. मोटारीबद्दल 'द हेडलाइट इज नॉट वर्किंग' लिहिलंत तर वाचणारा समजेल की एकच दिवा गेलाय, आणि आधी बल्ब पाहील. 'हेडलाइट्स आर नॉट वर्किंग' म्हटलं की दोन्ही गेले. तेव्हा शंका फ्यूज, रिले किंवा स्विचवर जाते. एकच दिवा असलेल्या दुचाकीला अर्थातच एकवचन.

'ऑन द हेडलाइट्स' कृपा करून छापू नका. ऑन हे तिथे क्रियापद होत नाही. 'टर्न ऑन' किंवा 'स्विच ऑन' लिहा. आपण बोलताना 'डिपर' म्हणतो, तोही परक्या वाचकाला कळेलच असं नाही. खाली पडणाऱ्या झोताला अमेरिकन 'लो बीम' म्हणतात, ब्रिटिश 'डिप्ड बीम'. तुमचा वाचक कुठला ते पाहून एक निवडा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच ठेवा.